अकोल्याला काय काम काढलं?

अमरावतीत दारू कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. राजकमल चौकात माणसाला डोळे बांधून सोडला, तरी तो थोड्या वेळात एखाद्या परमिट रूमच्या पायरीला ठेचाळेल. पिण्याबद्दल आमच्याकडे गुप्तता नाही. सोयाबीनला भाव आला तर पितात, पडला तर पितात. उमेदवार निवडून आला तर पितात, आपटला तर त्याच्याच पैशानं पितात. लपवायचं असतं ते सोडणं. ग्लास पुढे आला आणि तुम्ही 'आज नको' म्हणालात की लगेच चौकशी बसते. "काऊन बाप्पा? शुगर निघाली का?" म्हणून आमच्या भागात दारू सोडलेला माणूस दारू सोडली असं कधी म्हणत नाही. 'अँटिबायोटिक चालू आहे' म्हणतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कित्येक वर्षं अँटिबायोटिकवर आहेत. तब्येत ठणठणीत आहे.

सरकारचाही कल पिणाऱ्याकडेच आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि त्याच्या हिशेबानं दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. तो कशासाठी द्यायचा, तर प्रकृती राखण्यासाठी. माझ्याकडे आजीवन होता. प्रकृती मी इतक्या निष्ठेनं राखली, की यकृताच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी लाल पेनानं गोल काढले. सोडण्याचा परवाना मात्र कुठल्याही खिडकीवर मिळत नाही.

मी एका सरकारी कचेरीत बाबू आहे आणि कचेरीचा साहित्यिकही मीच. म्हणजे कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण माझं, कुणी वारलं की श्रद्धांजली माझी. दोन्हींचा मजकूर तसा सारखाच असतो. एका संध्याकाळी दोन्ही कागद एकाच खिशात होते आणि मी जरा लवकर 'बसून' आलो होतो. निवृत्त होणारे साहेब हार घालून खुर्चीत बसलेले असताना मी त्यांच्या आत्म्यास शांती चिंतून मोकळा झालो. टाळ्या पडल्या, कारण साहेब फारसे लोकप्रिय नव्हते. पण साहेबांच्या सौभाग्यवती माझ्या बायकोच्या भिशीत होत्या. त्या रात्री बायको म्हणाली, "आता तुमी काईतरी करा, नाई तं मीच काईतरी करतो."

काहीतरी करणं हे तोवर झालंच नव्हतं असं नाही. श्रावण मी कडक पाळत असे. पण श्रावण संपतो पोळ्याला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते कर. बैलाला वर्षातून एक दिवस कामापासून सुटका मिळते. मी करीच्या दिवशी महिन्याभराचं तुंबलेलं काम एका बैठकीत उरकत असे. मग बायकोनं एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला नंबर फिरवला. 'पिणाऱ्यास न सांगता दारू सोडवा.' पुडी आली. ती चहात टाकायची होती. नेमका त्या दिवशी साळा घरी आलेला, आणि कप बदलले. माझी दारू होती तिथेच राहिली; साळ्याला मात्र चहाची जी शिसारी बसली, ती आजतागायत गेलेली नाही.

एकदा मी मर्दासारखी एका झटक्यात सोडली. हात असे थरथरू लागले की हजेरीपटावरची माझी सही मोर्णा नदीच्या नकाशासारखी दिसे. पुढे एका रात्री भिंतीवर मुंग्यांची ही मोठी रांग दिसली. मी बायकोला उठवून मुंग्यांचा खडू आणायला सांगितला. तिनं दिवा लावला. भिंत स्वच्छ होती. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली की शरीर असं उसळतं, भास होतात, फिट येते, प्रसंगी जीवही जातो. म्हणून हे काम डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं असतं, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खडसावून सांगितलं. मी मनात खडूच्या पैशाचा हिशेब करत होतो.

थोरल्या भावाचं म्हणणं पडलं, "याले पुण्याले पाठवा." पुण्याचं मुक्तांगण म्हणजे मोठं नाव. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. हे सगळं मला माहीत होतं, मी त्यावर कचेरीत भाषणही केलं होतं, प्यायल्यावर. पण पुण्याला महिनाभर राहायचं म्हणजे दारू सुटली असती आणि सोबत वऱ्हाडीही सुटली असती. परत येऊन मी बायकोला 'अगं, जरा पाणी देतेस का?' म्हणालो असतो, तर तिनं पुन्हा डॉक्टर गाठला असता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी शरीर सावरेल. पुढचं एकट्याच्यानं होत नाही. गटात जा." गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात एए. पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी चालवलेला. फी नाही, अर्ज नाही, आडनावही विचारत नाहीत.

आता हा गट शोधायचा कसा? मी पितो हे कुणाला कळेल अशी भीती नव्हतीच. ते ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतच्या मतदारांना ठाऊक होतं. मी सोडतोय हे कळेल याची धास्ती होती. म्हणून मी एक युक्ती काढली. पानठेल्यावर गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "माह्या साळ्यासाठी पाह्यजे होतं, थे दारू सोडायची सभा कुठी भरते?"

पानठेलेवाला कात लावता लावता थांबला. "कमाल हाये भाऊ. परवाच तुमचे साळे येऊन गेले. थे तुमच्यासाठी विचारत होते."

पत्ता अखेर दिला तो माझ्या नेहमीच्या वेटरनं. बिल ठेवता ठेवता मी हळूच विषय काढला, तसा त्याचा चेहरा पडला. "भाऊ, तिकडं नोका जाऊ. थे कोपऱ्यातल्या टेबलवरचे दोघं आठवते? गेले तिकडं. चार नंबरवाले वकीलसाहेब, थेही गेले. एकही वापस नाई आला. माह्या टिपा बसल्या ना!" एखाद्या संस्थेची याहून सडेतोड शिफारस मी ऐकलेली नाही. त्यानं बिलाच्या पाठीमागे दोन पत्ते लिहिले, एक अमरावतीचा, एक अकोल्याचा. अमरावतीची सभा ज्या शाळेत भरत होती, तिथे बायकोची मामेबहीण शिकवायला. म्हणून मी अकोला निवडलं. शंभरेक किलोमीटरवर आपल्याला कोण ओळखतं?

हा विचार ज्याच्या डोक्यात येतो, तो वऱ्हाडातल्या एसटीत कधी बसलेला नसावा. इथे शेजारचा प्रवासी बूड टेकण्याआधी तुमचं गाव, आडनाव आणि मामाचं घर काढतो. माझ्या शेजारच्या धोतरवाल्यानं बडनेरा यायच्या आत विचारलं, "अकोल्याले काय काम काढलं?"

"कृषी विद्यापीठात," मी ठोकून दिलं. "बियाणं पाहाचं हाये."

"कायचं?"

"कपाशीचं."

"कोनतं वाण?"

माझ्या नावावर शेती नाही. तोंडपाठ होती ती नावं बाटल्यांवरची. त्यातलं जे बरं, रुबाबदार वाटलं ते मी सांगितलं. म्हातारा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "थे तं आमी पेतो."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. अमरावती–अकोला रस्ता म्हणजे साधा रस्ता नव्हे. जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूरच्या पट्ट्यात एका दमात एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, १०५ तास ३३ मिनिटांत, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. दिवस-रात्र न थांबता. श्रावण सोडून एरवी इतके तास मी न पिता काढले असते, तर बायकोनंही गिनीजवाल्यांना बोलावलं असतं.

मूर्तिजापूर आलं आणि म्हाताऱ्यानं आपणहून गाडगेबाबांचा विषय काढला. बियाण्याच्या नावावरून त्याला काय समजायचं ते समजलं असावं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचे झिंगराजी दारूपायी गेले, घर उघडं पडलं, आणि त्यांचा लहानगा मुलगा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, आईचं बोट धरून इकडे मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे आला. त्याच डेबूनं मोठेपणी आपल्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचा रिवाज मोडला आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी रागावली. "पंगतीत दारू नाई म्हन्ल्यावर लोकाइनं त्याले येडा म्हन्लं," म्हातारा म्हणाला, "मंग संत म्हन्लं. मधातला टाइम लय कठीन असते बाप्पा." आणि तो उतरून गेला. मी त्याचं आडनाव विचारायला विसरलो.

अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या वर होता. पत्त्यावरच्या शाळेत पोचलो, तर तळमजल्याच्या खोलीत दिवा आणि आत माणसं. टेबलामागचे चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "या, बसा. परिचय द्या."

वेटरनं सांगून ठेवलं होतं की तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं असतं. मी डोळे मिटले, पहिलं नाव सांगितलं आणि एका दमात म्हणालो, "मी रोज पितो. सुटत नाही. सोडायची इच्छा आहे."

खोली चिडीचूप. मग मागून एक आवाज आला, "शेती किती?"

"नाही."

"पोरगा आहे का पोरगी?" चष्मेवाल्यांनी वहीत पेन टेकवून विचारलं.

"मी स्वतःच."

"बिजवर?"

"बायको आहे घरी."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "बाप्पा, हे वधू-वर परिचय मेळाव्याचं हापिस हाये. तुमची सभा वरतं भरते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पन एक सांगतो. आजलोक जेवढे बायोडाटे पाह्यले, हरेकात 'निर्व्यसनी' लिहेल होतं. खरं बोलनारं तुमी पयलंच स्थळ."

त्यांनी मला पोहे खाऊ घातले. वर जाताना मुलीकडची एक-दोन माणसं माझ्याकडे हळहळून पाहत होती.

वरचा वर्ग पहिलीचा होता. बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागत. भिंतीवर अननसापासून सुरू होणारा तक्ता. त्याखाली एक ऑटोवाला, एक डॉक्टर, एक मास्तर, कापूस बाजारातला एक जुना हमाल, कॉलेजात शिकण्याच्या वयाचं एक पोट्टं आणि कोपऱ्यात एक बाई. नाव सांगून म्हणत होते, मी मद्यपी आहे. कुणी 'मी बेवडा' म्हणे, त्याला कुणी दुरुस्त करत नव्हतं. आडनाव कुणालाच नव्हतं. आडनाव कळल्याशिवाय आमच्याकडे समोरच्याला कुठे बसवायचं हे ठरत नाही. इथे सगळे पहिलीच्या बाकावर.

माझी पाळी आली. तयारी भरपूर होती. 'उपस्थित मान्यवर' इथपासून मी सुरुवात केली. कापसाचे भाव, निसर्गाची अवकृपा, बदलती कुटुंबव्यवस्था, संवेदनशील मनाची घुसमट, या सगळ्यांना माझ्या दारूसाठी जबाबदार धरत धरत मी जागतिकीकरणापर्यंत आलो. आवाज दोन ठिकाणी गहिवरला. त्या जागा मी बसमध्येच ठरवल्या होत्या. बसलो. टाळ्या नाहीत.

हमाल म्हातारा मान डोलावत म्हणाला, "लय छान बोल्ले भाऊ. आता एक सांगा. काल केवढी पेले?"

"थोडीशीच."

अख्खा वर्ग हसला. ते हसणं टोचणारं नव्हतं, ओळखीचं होतं. 'थोडीशी' हा शब्द त्यातल्या प्रत्येकानं बायकोला, आईला, साहेबाला, डॉक्टरला सांगून झिजवला होता. बाहेर माझी थाप कुणी मानत, कुणी मानल्यासारखं करत. इथे माझ्याहून मुरलेले कलावंत बसले होते. मास्तरांनी जिवंत मावशीला एका शैक्षणिक वर्षात इतक्या वेळा मारून रजा काढली होती की मुख्याध्यापक सांत्वनाला तिच्याच घरी गेले, आणि दार मावशीनं उघडलं. या माणसापुढे मी जागतिकीकरण काय सांगणार?

बाई शेवटी बोलल्या. पुरुष पितो तेव्हा वरात असते, सण असतो, चार दोस्त असतात. बाईला कडी लावून प्यावं लागतं आणि तशीच कडी लावून सोडावं लागतं, एवढंच म्हणाल्या. मी वहीत एक चांगली उपमा लिहून ठेवत होतो. वही मिटली.

नव्या माणसाला जुनी कथा सांगायची तिथे पद्धत आहे. हमाल म्हाताऱ्यानं ती मला अकोल्याच्या बोलीत सांगितली. "१९३५ सालची गोष्ट. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल होता, बिल म्हनत त्याले. पेनं नुकतंच सोडेल. धंद्याच्या कामानं दूर अ‍ॅक्रनले गेला, तं सौदा फिसकटला. मे मयना. हॉटेलात एकटा. एका आंगानं बार, लोकं हासून रायले. दुसऱ्या आंगानं टेलिफोन. त्याले समजलं, का आता आपन बारात शिरतो. मंग त्यानं तथीच चर्चची यादी पाह्यली आन फोन लावले. का बाप्पा, तुमच्या गावात माह्यासारखा कोनी बेवडा हाये का? मले त्याच्यासंग बोलाचं हाये."

"भेटला?"

"भेटला ना. डॉक्टर बॉब. ऑपरेशन करे. म्हने, पंधरा मिनिटं देतो, जास्त नाई. संध्याकाळी पाचले बसले, अकरा वाजून गेले तरी उठले नाई. पुढं डॉक्टर एकडाव घसरला. १० जूनले ऑपरेशन होतं, हात कापून रायले, म्हून बिलनंच त्याले एक बीअर पाजली. थे शेवटची. तोच आपला जलमदिवस."

त्या वेळी या मंडळींना नावही नव्हतं. बारा पायऱ्यांचं पुस्तक १९३९ मध्ये निघालं, त्याच्या शीर्षकावरून नाव पडलं. भारतात हे लोण १९५७ मध्ये पोचलं. मी मात्र त्या गावात अडकलो होतो. अ‍ॅक्रन म्हणजे टायर-रबराच्या कारखान्यांचं गाव, अकोला कापसाचं. याचा अर्थ अमेरिकेतही माणूस दारू सोडायला आपलं गाव टाकून अकोल्यालाच गेला होता!

सभा संपता संपता एक डबा फिरला. ज्याला जमेल त्यानं टाकायचं. बाहेरच्याची देणगी घ्यायची नाही, असा त्यांच्या बारा परंपरांपैकी सातवीचा दंडक आहे. मी सरकारी माणूस. न राहवून विचारलं, "तुमचे अध्यक्ष कोण?"

"नाही."

"सचिव? कार्यकारिणी? फलक? निदान वर्धापनदिनाचे प्रमुख पाहुणे?"

"भाऊ," म्हातारा म्हणाला, "हे सारं केलं असतं तं आजलोक दोन गट पडले असते. एक पेनाऱ्याइचा, एक न पेनाऱ्याइचा."

वऱ्हाडात पाच माणसं जमली की शाल, श्रीफळ आणि फुटीर गट हे ओघानंच येतं. हे लोक १९३५ पासून हाराशिवाय कसे जगले याचं मला अजून नवल वाटतं.

जिना उतरताना समोरून चढणारा माणूस पाहून मी भिंतीकडे तोंड केलं. तोही भिंतीकडे वळला. तो आमच्या गल्लीतला, अगदी समोरच्या घरातला. बायको रोज ज्याचं उदाहरण देई तो निर्व्यसनी शेजारी. बस चुकल्यामुळे त्याला उशीर झाला होता. थोडा वेळ आम्ही दोघं त्या भिंतीवरचं शालेय पोषण आहाराचं वेळापत्रक वाचत राहिलो. मग तो म्हणाला, "बियाणं पाहाले आल्तो."

"मीही," मी म्हणालो.

पुढे कळलं की यात नवल काहीच नव्हतं. अमरावतीचे लाजाळू लोक अकोल्याला येत होते आणि अकोल्याचे अमरावतीला जात होते. दोन्हीकडच्या गाड्या कधी कधी मूर्तिजापूरच्या स्टँडवर एकाच वेळी लागत. तेव्हा दोन्ही गावांचे मद्यपी एकमेकांकडे पाठ करून एकाच टपरीवर चहा पीत. एसटी महामंडळाला यातून बऱ्यापैकी उत्पन्न असावं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. त्याच वर्षी पोळ्याच्या करीला मी सवयीनं घसरलो. 'एकच' म्हणून बसलो आणि दोघांनी उचलून घरी आणला. अकोल्याला जाऊन सांगितलं, तर म्हाताऱ्यानं खोदून विचारलं नाही. म्हणाला, "रेल्वेखाली आलेला मानूस इंजिननं मरते का शेवटच्या डब्यानं? सोडाचा तं पयला प्याला सोडा, शेवटचा आपोआप सुटते." मी म्हणालो, आमच्या मूर्तिजापूरची शकुंतला, ती रमतगमत जाणारी छोटी रेल्वे, असती तर वाचलो असतो, तिच्यापुढून माणूस बिडी पेटवून बाजूला होई. "तेच तं," तो म्हणाला. "तुमाले वाटते दारू शकुंतला हाये."

घरी मात्र निराळंच शिजत होतं. मी दर आठवड्याला अकोल्याला जातो, रात्री परत येतो, आणि तोंडाला वास नसतो, या तीन गोष्टी बायकोनं एकत्र मांडल्या. इतक्या वर्षांच्या संसारात श्रावण सोडून एरवी वास नसणं हे पहिल्यांदाच घडत होतं. भिशीमंडळात निर्णय झाला की भाऊजींनी अकोल्यात दुसरं घर केलं. बायको आईजवळ रडली, "दारू होती थोलोक बरं होतं वं. निदान घरी तं पडून राहे."

बारा पायऱ्यांमधल्या दोन पायऱ्या अशा, की ज्यांना आपल्यामुळे त्रास झाला त्यांची यादी करायची आणि मग शक्य तिथे भरपाई करायची. माझी यादी कचेरीच्या आवकजावक वहीइतकी झाली. पहिलं नाव साळ्याचं घेतलं. त्याच्या घरी जाऊन म्हणालो, "मला माफ कर." त्यानं कपाटाची किल्ली आत लपवली आणि विचारलं, "किती पाह्यजे?" मी म्हणालो, पैसे नकोत, मन मोकळं करायला आलोय. तेव्हा त्याची खात्रीच पटली. पुढच्या खेपेला तो माझ्या मागच्या बसनं निघाला.

त्या दिवशी खुली सभा होती. म्हणजे घरच्यांना, पाहुण्यांनाही बसता येतं. मी आत बोलत असताना दारात साळा उभा. दुसऱ्या घराच्या शोधात तो तळमजल्यावरच्या मेळाव्यातून चौकशी करत आला होता, आणि 'भाऊजी इथे परिचय द्यायला आले होते' हे ऐकून त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. म्हाताऱ्यानं त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. साळ्यानं कप दूर सारला.

"मी पेत नाई," तो म्हणाला.

"चहा हाये," म्हातारा म्हणाला.

"थेच तं पेत नाई." मग सगळे आपल्याकडे पाहताहेत हे पाहून तो घाईघाईनं म्हणाला, "मी माह्या भाऊजीसाठी आलो."

"सारे भाऊजीसाठीच येते," ऑटोवाला म्हणाला. "बसा आरामात."

साळा बसला. पुढच्या आठवड्यातही बसला. मग तो भाऊजींचं नाव घ्यायचा थांबला.

बायकोला खरं सांगितलं, तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग भिशीला फोन केला. पिणाऱ्यांच्या घरच्यांचाही गट असतो, अल-अ‍ॅनॉन नावाचा, तो बिलच्याच बायकोनं, लोईसनं, १९५१ मध्ये सुरू केला, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पेयाचं तुमी आन सभा मी कराच्या?" पण वहीत लिहून ठेवलं. साळ्याचं आणि माझं दोघांचंही श्रेय ती त्या पुडीला देते. कप बदलले म्हणून गुण दोघांत वाटला गेला आणि लागू पडायला उशीर झाला, असं तिचं शास्त्र आहे.

आता अकोल्याच्या त्या वर्गाची किल्ली माझ्याकडे असते. बाक सरळ करणं, चहा ठेवणं आणि भाषण न करणं, अशी तीन कामं मला नेमून दिली आहेत. तिसरं जड जातं.

गेल्या खेपेला साळा आणि मी परतीच्या गाडीत बसलो होतो. गाडी खचाखच. कंडक्टर आता ओळखीचा झालाय, म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. तिकीट फाडता फाडता त्यानं शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मंग काय भाऊ, दोघाइचीही दारू सुटली म्हंते पक्की?"

पूर्ण गाडीनं माना वळवल्या. एका बाईनं नातवाला मला दाखवलं. कुणीतरी वय विचारलं, कुणी यकृत. बोरगाव मंजू येईपर्यंत माझी अनामिकता पुरती संपली होती. मग मागच्या सीटवरचा एक पांढरा शर्ट पुढे वाकला आणि साळ्याच्या कानाशी हळूच म्हणाला, "थे सभा कुठी भरते हो? माह्या साळ्यासाठी पाह्यजे होतं."

साळ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खिशातून कागद काढून पत्ता लिहून दिला.

"घेऊन या त्याले," साळा म्हणाला. "आन साळा नसला, तं तुमी या."